चॅटवरून मोटार चालू-बंद : रास्पबेरी पाय वापरताना

रात्रीच्या थ्री फेजला नदीकाठच्या मोटारीपर्यंतची पायपीट टळावी म्हणून मोबाइल स्टार्टर आले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचा ‘नॅनो गणेश’ त्यांतला बऱ्याच जणांच्या माहितीचा. तेच काम आता रास्पबेरी पाय या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या संगणकाला टेलिग्रामवर संदेश पाठवूनही करता येते. ‘नवा संदेश आहे का?’ असे पाय स्वतःच सर्व्हरला विचारत राहतो, त्यामुळे साध्या सिमकार्डाचे इंटरनेट पुरते.

धोका रेंजचा आहे. घाटघरसारख्या नाणेघाटाजवळच्या गावात डोंगराआड रेंज गेली, तर ‘चालू’ हा संदेश सर्व्हरवर 24 तासांपर्यंत पडून राहतो. रेंज परतली की तो पोहोचतो. त्या वेळी कोणी फूटव्हॉल्व्ह साफ करत असेल तर? म्हणून प्रोग्रॅममध्ये संदेशाची वेळ तपासावी आणि दोन मिनिटांपेक्षा जुना आदेश सोडून द्यावा. पाय 4 पर्यंतच्या मॉडेलांत वीज गेल्यावर चालणारे घड्याळ नसते. वीज आल्यावर इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत कोणताच आदेश घेऊ नये. एवढे करूनही मोटारीला हात लावण्याआधी मेन स्विच बंदच करावा.

आदेश ठरलेल्या चॅट आयडींकडूनच स्वीकारावा. बॉटचे टोकन कोणालाही देऊ नये. रिलेची जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी. फेज प्रिव्हेंटर आणि ड्राय रन संरक्षण काढू नये. ‘मोटार चालू’ हे उत्तर रिलेवरून नव्हे, प्रत्यक्ष करंट मोजून यावे.

रेंज कायमच तुटक असेल, तर कॉलवर चालणारा स्टार्टर बरा. कॉल लागला तर लगेच लागतो, नाही तर नाहीच.