पहिल्या पुस्तकाचा खर्च : ‘द कॅप्टिव्ह लेडी’ (१८४९) आणि स्वप्रकाशनाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील भारतीय ग्रंथकाराने आपले पहिले पुस्तक स्वखर्चाने छापून घेणे ही अपवादात्मक घटना नव्हती. छापखाना होता, परंतु आज ज्याला आपण प्रकाशक म्हणतो तो बहुतांश ठिकाणी नव्हता. धर्मग्रंथ, पंचांगे, शालेय पुस्तके आणि खपाची हमी असलेल्या कथा-आख्यायिका छापणारे व्यावसायिक होते. कलकत्त्याचा बटतला हे त्याचे ठळक उदाहरण. मात्र एखाद्या अनोळखी तरुणाचे काव्य वाचून ते स्वीकारावे, कागद आणि छपाई यांची जोखीम स्वतः पत्करावी आणि तोट्याची तयारी ठेवावी, असे करणारी संस्था स्थिरावण्यास बराच काळ जावा लागला. ही बाब सर्वांना ठाऊक आहे. तरीही वाङ्मयेतिहासात तिला चरित्राच्या तळटीपेपलीकडे सहसा स्थान मिळत नाही. ग्रंथकाराची भाषानिवड, त्याचा वाचक आणि त्याचा वाङ्मयप्रकार यांची चर्चा करताना छापखान्याचे देणे कोणी फेडले, हा प्रश्न आपण गौण मानतो. तो गौण नाही, हे मायकेल मधुसूदन दत्त (१८२४–१८७३) यांच्या पहिल्या पुस्तकाच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा प्रयत्न आहे. याच काळात पुण्यात जोतीराव फुले यांना आलेला अनुभव अखेरीस तुलनेसाठी घेतला आहे.

जेसोर जिल्ह्यातील सागरदाँडी येथे जन्मलेले मधुसूदन कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकले. इंग्रजीत महाकवी होण्याची आणि त्यासाठी विलायतेस जाण्याची त्यांची आकांक्षा विद्यार्थिदशेपासूनची. फेब्रुवारी १८४३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे ते बिशप्स कॉलेजात काही वर्षे होते. १८४७ च्या अखेरीस त्यांनी कलकत्ता सोडले आणि १८४८ च्या प्रारंभी ते मद्रासला पोहोचले. तेथे अनाथ मुलांसाठी चालविलेल्या शाळेत त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. त्याच वर्षी रिबेका मॅक्टॅव्हिश यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पगार तुटपुंजा, घर नवे, वडिलांशी दुरावा झालेला, आणि शहरात आपल्या भाषेचे माणूस जवळजवळ नाही. या स्थितीत ‘मद्रास सर्क्युलेटर अँड जनरल क्रॉनिकल’ या पत्रात ‘टिमथी पेनपोएम’ या टोपणनावाने त्यांच्या कविता येऊ लागल्या. पृथ्वीराज चौहान आणि कनौजची राजकन्या यांच्या कथेवरील ‘द कॅप्टिव्ह लेडी’ हे दोन सर्गांचे कथाकाव्य प्रथम त्याच पत्रात क्रमशः छापले गेले. १८४९ मध्ये ‘व्हिजन्स ऑफ द पास्ट’ या अपुऱ्या काव्यासह ते पुस्तकरूपाने निघाले.

काव्याची घडण स्कॉट आणि बायरन यांच्या पद्यकथांची आहे, हे समीक्षकांनी वारंवार सांगितले आहे. त्यात भर घालण्याजोगे फारसे नाही. पुस्तकाची प्रस्तावना मात्र अधिक लक्षपूर्वक वाचली पाहिजे. हे काव्य एका स्थानिक नियतकालिकासाठी घाईघाईने रचले, आणि ते रचताना दारिद्र्य व चिंता यांनी आपल्याला घेरले होते, असे कवी तेथे स्पष्टपणे नमूद करतो. प्रस्तावनांतील विनय हा त्या काळचा रूढ संकेत होता, हे खरे. परंतु विनयाच्या संकेतात गरिबीचा उल्लेख सहसा येत नाही. पुस्तक मद्रासचे अॅडव्होकेट जनरल जॉर्ज नॉर्टन यांना अर्पण केले आहे. प्रस्तावनेत हलाखीची कबुली आणि अर्पणपत्रिकेत उच्चपदस्थाचे नाव, अशी ही रचना आहे. आश्रयदात्याची जागा तिने कागदोपत्री भरून काढली. छापखान्याचे देणे मात्र कवीच्याच माथी राहिले.

या देण्याचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. सुट्या खिळ्यांच्या छपाईत एक फॉर्म छापून झाला की जुळणी सोडवून खिळे पुन्हा घरांत टाकावे लागत. छापखान्याकडे सबंध पुस्तकाची जुळणी तशीच ठेवून देण्याइतके खिळे नसत. त्यामुळे मागणी आली तर आणखी शंभर प्रती काढू, अशी सोय लेखकाला नव्हती. किती प्रती काढायच्या याचा अंदाज त्याने आधीच बांधायचा. अंदाज कमी ठरला तर जुळणीचा खर्च पुन्हा, जास्त ठरला तर कागदाचा पैसा बुडीत. या अनिश्चिततेवरचा तत्कालीन उपाय म्हणजे आगाऊ वर्गणीदार. पुस्तक निघण्यापूर्वी नावे गोळा करावयाची आणि त्या यादीच्या भरवशावर छपाईस हात घालावयाचा. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात रुळलेली ही पद्धत येथील इंग्रजी आणि देशी भाषांतील ग्रंथकारांनी सारखीच उचलली. परंतु वर्गणीदार मिळविणे हे लेखनाहून अगदी निराळे काम आहे. त्यासाठी माणसे ओळखीची लागतात, त्यांच्या दारी जावे लागते, आणि यादीत नाव घालणारा प्रत्येक जण पैसे देतोच असे नाही.

मधुसूदनांच्या माणसांचे शहर कलकत्ता होते, आणि ते मद्रासला होते. त्यांचे बालमित्र गौरदास बसाक यांना लिहिलेल्या पत्रांतून ही कोंडी दिसते. वर्गणीदार मिळवा, मित्रांना सांगा, अशी विनवणी त्या पत्रांत येते. छपाईचा खर्च निघावा एवढीच तूर्त अपेक्षा दिसते. महाकवी होऊ पाहणाऱ्या माणसाने मित्राला वसुली कारकुनाची कामे सांगावीत, यातील विसंगती त्यांना जाणवली नसेल असे नाही. दोन शहरांमधील अंतराचाही येथे विचार करावा लागतो. लोहमार्ग अद्याप आला नव्हता; मुंबई–ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची. अंतराचा विचार न करता सर्वत्र एकच टपालदर लागू झाला तो १८५४ मध्ये. त्यापूर्वी पुस्तकांचे गठ्ठे मद्रासहून कलकत्त्यास पाठविणे, विकलेल्या प्रतींचा हिशेब मागविणे आणि पैसे परत मिळविणे ही सर्व कामे खर्चाची आणि मित्राच्या भिडेवर अवलंबून असलेली होती.

पुस्तकाचे स्वागत दोन शहरांत दोन प्रकारे झाले. मद्रासच्या ‘अथेनियम’ने कौतुक केले, कलकत्त्याच्या ‘बेंगाल हरकारू’ने प्रतिकूल लिहिले. ज्या शहरात वर्गणीदार मिळण्याची आशा होती तेथेच अभिप्राय वाईट आला, हा योग कवीच्या दृष्टीने फार महागात पडणारा होता. गौरदासांनी एक प्रत शिक्षणमंडळाचे अध्यक्ष जे. ई. डी. बेथून यांना दिली. जुलै १८४९ मध्ये बेथून यांचे उत्तर आले : इंग्रजीच्या अभ्यासाने कमावलेली अभिरुची आणि प्रतिभा कवीने आपल्या भाषेच्या काव्याची उंची वाढविण्यासाठी वापरावी. त्याच पत्रात देशी साहित्यातील उत्तम नमुन्यांनाही अश्लीलतेचा डाग आहे असे, केवळ ऐकीव माहितीवरून, त्यांनी लिहिले आहे. हे वाक्य वगळून पत्राचा गौरव करण्याची प्रथा पडली आहे. ती सोडून देण्यास हरकत नसावी.

योगींद्रनाथ बसू यांच्या १८९३ मधील चरित्रापासून बेथून यांचे हे पत्र मधुसूदनांच्या जीवनाला कलाटणी देणारे मानले जाते : इंग्रजीत अपयश आले, हितचिंतकाने सल्ला दिला आणि कवी मातृभाषेकडे वळला. गुलाम मुर्शिद यांनी अलीकडे नव्या कागदपत्रांच्या आधारे मद्रासमधील वर्षांचे अधिक बारकाईने चित्रण केले आहे, तरी सामान्य वाङ्मयेतिहासांत जुनीच कथा चालू आहे. तीत तथ्य नाही असे नाही. ऑगस्ट १८४९ मधील एका पत्रात मधुसूदनांनी आपला दिनक्रम दिला आहे. त्यात हिब्रू, ग्रीक, लॅटिन, तेलुगू आणि संस्कृत यांच्या अभ्यासाचे तास वाटून दिलेले असून, हा सारा खटाटोप पूर्वजांच्या भाषेला अलंकृत करण्यासाठीच नव्हे काय, असा त्यांचा सूर आहे. कृत्तिवासी रामायण आणि काशीदासी महाभारत यांच्या प्रतीही त्यांनी मद्रासहून मागविल्या होत्या. मात्र या पत्रानंतर ‘शर्मिष्ठा’ हे पहिले बंगाली नाटक प्रसिद्ध होईपर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. केवळ सल्ल्याने कलाटणी मिळाली असती, तर ती एवढी लांबली नसती.

या दहा वर्षांनंतर काय बदलले होते? मधुसूदन १८५६ मध्ये कलकत्त्यास परतले. १८५८ मध्ये पाइकपाड्याचे राजे प्रतापचंद्र आणि ईश्वरचंद्र सिंह यांच्या बेलगाछिया नाट्यशाळेसाठी त्यांनी ‘रत्नावली’चे इंग्रजी भाषांतर केले, आणि त्याच संबंधातून ‘शर्मिष्ठा’ (१८५९) जन्मास आले. ‘तिलोत्तमासंभव’चा प्रारंभीचा भाग राजेंद्रलाल मित्र यांच्या ‘विविधार्थ संग्रह’ या मासिकात छापून आला. १८६० मध्ये पुस्तक निघाले तेव्हा छपाईचा भार यतींद्रमोहन ठाकूर यांनी उचलला. ‘मेघनादवध’ (१८६१) दिगंबर मित्र यांच्या साहाय्याने निघाले आणि त्यांनाच अर्पण झाले. म्हणजे अर्पणपत्रिकेतील नाव आणि छापखान्याचे देणे फेडणारे नाव येथे एक झाले. जे नॉर्टन यांच्या बाबतीत घडले नव्हते ते येथे घडले. बंगालीत त्यांना भाषा सापडली हे खरेच. पण त्याबरोबर त्यांना जोखीम पत्करणारी माणसे सापडली. ही माणसे इंग्रजी काव्यासाठी पुढे आली असती काय, याविषयी मला शंका आहे. कलकत्त्याच्या उच्चवर्णीय धनिकांना आपल्या भाषेत अभिजात नाटक आणि महाकाव्य हवे होते. इंग्रजी काव्य वाचण्यासाठी त्यांच्याकडे बायरन होताच.

‘द कॅप्टिव्ह लेडी’चे अपयश म्हणूनच केवळ परभाषेत लिहिण्याचे अपयश मानता येत नाही. तोरू दत्त यांच्या पहिल्या पुस्तकाकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. ‘अ शीफ ग्लीन्ड इन फ्रेंच फील्ड्स’ १८७६ मध्ये भवानीपूरच्या साप्ताहिक संवाद प्रेसमध्ये छापले गेले. प्रस्तावना नाही, प्रकाशकाचे पाठबळ नाही, बाह्यरूप अगदी सामान्य. ‘एक्झामिनर’च्या कचेरीत ते एडमंड गॉस यांच्या हाती पडले आणि त्यांनी अनुकूल परीक्षण लिहिले. १८७७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तोरू वारल्या. लंडनच्या केगन पॉलने पुस्तक काढले ते १८८० मध्ये. तोही इंग्रजी काव्यसंग्रहच होता, आणि तोही प्रकाशकाविना निघाला होता. पण तोरूंच्या मागे सुस्थितीतील घर होते. न खपलेल्या प्रतींचा अर्थ तेथे उपासमार होत नव्हता. रवींद्रनाथांच्या ‘कविकाहिनी’ची (१८७८) गोष्टही अशीच. ते पुस्तक एका उत्साही मित्राने परस्पर छापून घेतले. प्रती पुस्तकविक्रेत्याच्या फळीवर दीर्घकाळ पडून राहिल्या, असे रवींद्रनाथांनी पुढे ‘जीवनस्मृती’त हलक्या विनोदाने सांगितले. तोटा दुसऱ्याचा असला म्हणजे असा विनोद साधतो. मधुसूदनांच्या पत्रांत तो नाही.

या विषयाच्या अभ्यासकापुढील एक अडचण येथे नोंदवितो. छापखाने व पुस्तकनोंदणीचा कायदा झाला तो १८६७ मध्ये. त्यानंतर प्रांतोप्रांतीच्या त्रैमासिक याद्यांत पुस्तकाची पृष्ठे, किंमत, प्रतींची संख्या आणि हक्काचा धनी यांची नोंद होऊ लागली, आणि ‘ग्रंथकर्त्याने प्रसिद्ध केले’ या शेऱ्यामागील हिशेब काही प्रमाणात उलगडता येऊ लागला. त्याआधीच्या पुस्तकांसाठी पत्रे, प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका यांवरच भिस्त ठेवावी लागते. तुलनाकारांनी या याद्यांकडे केवळ सूची म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहावे, असे सुचवावेसे वाटते.

आता पुण्याकडे वळू. मद्रासमधील या प्रकरणानंतर सहा वर्षांनी, १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतील काही रक्कम मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी वळविण्यात आली होती. म्हणजे येथे वैयक्तिक आश्रयदात्याऐवजी एक समिती होती. ती समिती मात्र ज्यांच्याविरुद्ध नाटक लिहिले गेले त्यांच्याच वर्चस्वाखाली होती. नाटक नाकारले गेले. फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) ही हकीकत सांगितली आहे : समितीतील युरोपियन सभासदांचे ब्राह्मण सभासदांपुढे काही चालले नाही, तेव्हा ते पुस्तक आपण बाजूस ठेवले, आणि काही वर्षांनी ब्राह्मणांच्या कसबाविषयीचे लहानसे पुस्तक तयार करून ते स्वतःच्या खर्चाने छापले.

मधुसूदन आणि फुले यांच्या अडचणी वरवर सारख्या दिसतात, पण त्यांची दिशा उलट आहे. मधुसूदनांपुढे साक्षर, इंग्रजी जाणणारा वाचक होता. त्याला या कवीची गरज नव्हती. फुल्यांना ज्यांच्यासाठी लिहावयाचे होते त्यांना पुस्तकाची गरज होती, पण त्यांतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. १८६९ मध्ये फुल्यांनी शिवाजीराजांचा पवाडा प्रसिद्ध केला. पवाडा हा प्रकार निवडण्यात त्यांची इतिहासदृष्टी आहेच. शिवाय एकाने विकत घेऊन दहांना ऐकविता येईल असे ते पुस्तक आहे, हेही विसरता येत नाही. फुल्यांना यतींद्रमोहन भेटले नाहीत, भेटणे शक्यही नव्हते. त्यामुळे स्वखर्च हा मधुसूदनांच्या बाबतीत लेखनजीवनाचा एक टप्पा ठरला, तर फुल्यांच्या बाबतीत तीच प्रकाशनाची वाट ठरली. व्यवसायामुळे तो खर्च त्यांना काही अंशी झेपला असेल. पण १८५५ चे नाटक त्यांनी स्वखर्चानेही पुढे छापले नाही. ‘तृतीय रत्न’ प्रथम छापून आले ते १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात.