पॅक-मॅन

भूलभुलैयासारख्या मार्गांतून फिरत टिपके गिळावयाचे आणि पाठलाग करणाऱ्या चार भुतांना चुकवावयाचे, असा एक इलेक्ट्रॉनिक खेळ. जपानमधील नामको कंपनीतील तोरू इवातानी (१९५५– ) यांनी त्याची कल्पना मांडली. टोकिओच्या शिबुया भागात २२ मे १९८० रोजी तो प्रथम चाचणीसाठी लोकांपुढे ठेवण्यात आला. त्या काळी खेळगृहांतील बरेचसे खेळ शत्रूवर गोळीबार करण्याचे असत व तेथे मुख्यत्वे तरुण पुरुषांचीच गर्दी होई. स्त्रियांनाही रुचेल असा खेळ असावा, म्हणून इवातानींनी खाणे हा विषय निवडला. तोंडाची उघडमीट दर्शविणाऱ्या ‘पाकु-पाकु’ या जपानी अनुकरणवाचक शब्दावरून त्याचे मूळ नाव ‘पक-मॅन’ असे होते. यंत्रावरील आद्याक्षर खरवडून कोणी त्याचा अश्लील शब्द करील, या भीतीने अमेरिकेत मिडवे कंपनीने तो १९८० मध्येच ‘पॅक-मॅन’ या नावाने आणला.

पटावर २४० लहान व ४ मोठे टिपके असतात. मोठा टिपका गिळला की भुते काही काळ निळी होतात व त्यांनाच खाता येते. तथापि खेळाचे मर्म भुतांच्या वर्तनात आहे. तांबडे भूत थेट खेळाडूच्या घरावर चाल करते. गुलाबी भूत त्याच्या पुढील चौथ्या घराचा नेम धरून वाट अडवू पाहते. निळसर भूत खेळाडू व तांबडे भूत या दोहोंच्या स्थानांवरून आपले लक्ष्य ठरविते. तर नारिंगी भूत आठ घरांहून दूर असेतो पाठलाग करते व जवळ येताच आपल्या कोपऱ्याकडे वळते. खेळाडूचे तोंड वर असता गुलाबी भुताचा नेम चार घरे डावीकडेही सरकतो; हा आज्ञावलीतील दोष होय. ठराविक अंतराने चारही भुते पाठलाग सोडून कोपऱ्यांकडे जातात व खेळाडूस उसंत मिळते. या वर्तनात दैवाचा भाग जवळजवळ नसल्याने त्याच त्या वाटा पाठ करून दीर्घकाळ खेळणे शक्य झाले.

खेळगृहांतील यंत्रात झेड-८० हा सूक्ष्मप्रक्रियक व १६ किलोबाइटांची आज्ञावली होती आणि त्याचा पडदा उभा होता. घरातील दूरचित्रवाणी संचाचा पडदा आडवा, आणि त्यास जोडावयाच्या अटारी २६०० या यंत्राची कार्यस्मृती अवघी १२८ बाइटांची. टॉड फ्राय यांनी ४ किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये खेळ बसविला व मार्च १९८२ मध्ये तो विक्रीस आला. चारही भुते एकाच चल आकृतीतून आळीपाळीने रेखाटल्यामुळे ती लुकलुकत. टिपक्यांच्या जागी आडव्या रेघा आल्या आणि बाजूंचे बोगदे वर-खाली गेले. कार्ट्रिजच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या, तरी निराशाही मोठी झाली. याचा सर्व दोष कार्यक्रमकारावर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण हे यंत्र याहून कितीतरी साध्या खेळांसाठी घडविलेले होते.

याच महिन्यात एका महत्त्वाच्या दाव्याचा निर्णय लागला. मॅग्नाव्हॉक्सच्या यंत्रासाठी एड अॅव्हरेट यांनी १९८१ मध्ये ‘के. सी. मंचकिन’ हा खेळ रचला होता. त्यात टिपके मोजके, पण हलते होते. भूलभुलैयाही वेगवेगळे निवडता येत. अटारीने स्वामित्वहक्काच्या भंगाचा दावा केला. कनिष्ठ न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम नाकारला, परंतु अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. खेळाच्या नियमांवर कोणाची मालकी नसते, मात्र गिळणाऱ्या व भुतांच्या आकृतींची अभिव्यक्ती संरक्षित असते, असे त्याने म्हटले. मंचकिन बाजारातून गेला. विरोधाभास असा की, ज्या हक्कासाठी अटारी लढली त्या हक्काने निघालेली तिची स्वतःची आवृत्तीच मूळ खेळापासून बरीच दूर गेली होती.

‘मिस पॅक-मॅन’ या १९८२ च्या खेळाची अटारी २६०० वरील आवृत्ती (१९८३) त्याच यंत्रावर, पण ८ किलोबाइटांत, बरीच सरस उतरली. नामकोने १९८४ मध्ये फॅमिकॉमसाठी केलेल्या आवृत्तीत भूलभुलैया आखूड करून गुणफलक उजवीकडे नेला. गेम बॉयच्या चिमुकल्या पडद्यावर (१९९०) पट सरकता ठेवावा लागला. मूळ आज्ञावली जशीच्या तशी अन्य संगणकांवर चालविणारी मेम ही प्रणाली १९९७ मध्ये निघाल्यावर अशा तडजोडींची गरज उरली नाही. तीतून मूळ दोषही सुखरूप आले : पातळी मोजणारा गणक आठ बिटांचा असल्याने २५६ व्या पातळीवर फळे मांडण्याचा हिशेब चुकतो, पटाचा उजवा अर्धा भाग अक्षरे व चिन्हे यांनी भरून जातो आणि पुरेसे टिपके उरत नसल्यामुळे ती पातळी पार करता येत नाही.