ऐकू येणारा प्राणवायू

२०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आरोग्य पथकं घरोघरी जाऊन लोकांच्या बोटांना एक चिमटा लावू लागली. पंचाण्णवच्या खाली आकडा गेला की काळजी, हे तेव्हा पोराटोरांनाही पाठ झालं. तो चिमटा म्हणजे पल्स ऑक्सिमीटर. ‘आमचं अ‍ॅप हॉस्पिटलचा चेहरामोहरा बदलेल’ असं सांगणाऱ्या स्टार्टअपबद्दल वाचलं, की मला या चिमट्याचा इतिहास आठवतो.

अडचण जुनी होती. भूल दिलेल्या माणसाच्या रक्तातला प्राणवायू कमी होतोय, हे ओळखायचं कसं? डॉक्टर ओठ आणि नखं निळी पडतात का, ते बघत. १९४७ साली अमेरिकेत कॉम्रो आणि बोटेल्हो यांनी प्रयोग करून दाखवलं, की ही नजर भरवशाची नाही. धमनीतलं रक्त काढून तपासता येई, पण उत्तर यायला वेळ लागे. मेंदूला प्राणवायूशिवाय जेमतेम काही मिनिटंच निभावता येतात.

वाट सापडली जपानमध्ये. निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदय किती रक्त ढकलतं, ते मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख सारखा थरथरे. ती थरथर घालवायला त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश जोडीला घेतला, तर रक्तातला प्राणवायू बदलला की हिशोब बिघडे. मग त्यांना उमगलं, की ज्याला आपण अडथळा समजतोय, त्यातच प्राणवायूचं माप दडलंय. हाड, मांस, कातडी तेवढाच प्रकाश शोषतात. ठोक्यागणिक बदलतं ते धमनीतलं रक्त. ही गोष्ट १९७४ ची. कंपनीने यंत्र बाजारात आणलं, ते फारसं चाललं नाही, आणि तिने पुढे नाद सोडला. मिनोल्टा कंपनीने बोटाला लावायचं यंत्र काढलं, तरी ऑपरेशन थिएटरमध्ये ते रुळलं नाही.

१९८१ साली कॅलिफोर्नियात विल्यम न्यू, जॅक लॉइड आणि जिम कोरेनमन यांनी एक छोटी कंपनी काढली. तिघांच्या आडनावांची अक्षरं जोडून नाव ठेवलं ‘नेलकोर’. न्यू स्वतः भूलतज्ज्ञ होते. थिएटरमध्ये भूलतज्ज्ञाचे हात आणि डोळे सतत गुंतलेले असतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून त्यांच्या यंत्रात प्रत्येक ठोक्याला ‘बीप’ वाजे आणि प्राणवायू उतरू लागला की त्या बीपचा स्वरही उतरे. पडद्याकडे न बघता, पाठमोऱ्या डॉक्टरलाही धोका ऐकू येऊ लागला. तत्त्व आओयागींचं, पण थिएटरमध्ये त्याला जागा मिळवून देण्यात या स्वराचा मोठा वाटा होता, असं मला वाटतं. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत हे यंत्र भूल देतानाच्या नेहमीच्या दक्षतेचा भाग बनलं.

श्रीमंत देशांत ते रुळलं तरी गरीब देशांतली कितीतरी थिएटर्स त्याविना चालत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी काढली, तिच्यात भूल देण्यापूर्वी ऑक्सिमीटर लावलंय आणि ते चालू आहे ना, हे बघायला सांगितलं. त्या कामाचे प्रमुख होते सर्जन अतुल गवांदे. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे. पुढे २०११ साली त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘लाइफबॉक्स’ संस्थेने स्वस्त आणि दणकट ऑक्सिमीटर अशा रुग्णालयांत पोचवायला घेतले.

या गोष्टीला एक काळी बाजूही आहे, शब्दशः. प्रकाश कातडीतून जातो आणि कातडीच्या रंगाचा मापावर परिणाम होतो. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की आकडा ठीक दिसत असताना रक्तात प्राणवायू खरोखर कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. आपल्याकडच्या सावळ्या बोटांसाठी ही परक्या देशाची बातमी नाही. आओयागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले, जग त्यांचं यंत्र बोटाला लावून बसलेलं असताना.

आज आयसीयूत इतकी यंत्रं वाजतात, की सिस्टरच्या कानांना त्यांची सवय होते आणि खरा इशारा गलक्यात हरवतो. जी गोष्ट १९८० च्या दशकात उत्तर होती, तीच आता प्रश्न होऊन बसली आहे. पुण्या-मुंबईत कुणी पोरंपोरी हेल्थ स्टार्टअप काढायचं म्हणत असतील, तर मी त्यांना एवढंच सुचवीन: आधी महिनाभर एखाद्या वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टरसोबत थांबा. तिचे हात कशात गुंतलेत, कोणता आवाज ती ऐकते आणि कोणता ऐकूनही सोडून देते, ते टिपा. कोड त्यानंतर लिहा.