कुरवंजी आणि काळ्या रेषा

तमिळ परंपरेतील कुरवंजी नाट्यात एक डोंगरवासिनी नायिकेला भविष्य सांगते. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या (१७७७–१८३२) मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त मात्र ती जगाचा भूगोल सांगते. नवे ज्ञान प्रजेच्या गाण्यात उतरावे, हा त्यामागील हेतू.

सरफोजींच्याच कारकिर्दीत, १८१४ साली, जर्मनीत फ्राउनहोफर यांनी सूर्याच्या वर्णपटातील शेकडो काळ्या रेषा नोंदविल्या. वाटेतल्या वायूंनी शोषलेल्या प्रकाशाच्या त्या खुणा होत, हे पुढे उलगडले. अशाच रेषा अतिदूरच्या क्वेसारांच्या प्रकाशातही आढळल्या. मधल्या दीर्घिकांभोवती पसरलेल्या विरळ वायूमुळे त्या उमटत असाव्यात, असे १९६९ मध्ये बाकॉल व स्पिट्झर यांनी सुचविले. १९७१ मध्ये लिंड्स यांनी त्यांतील कित्येक रेषा हायड्रोजनच्या असल्याचे ओळखले. त्यांपैकी बहुतेक रेषा दीर्घिकांमधील अवकाशात पसरलेल्या हायड्रोजनच्या जाळ्यातून येतात, आणि ते जाळे जेथे दाट होते तेथे दीर्घिकाही दाटीने आढळतात, हे आज ठाऊक आहे. रिते भासणारे अवकाश असे रिते नाही. हरवलेला प्रकाशच त्याची साक्ष देतो.

सरफोजींच्या मराठीने पृथ्वीचा विस्तार गायिला. त्या भाषेला दीर्घिकांची ही कथाही सांगता आली पाहिजे.