पिनिअल ग्रंथीला रात्र कशी कळते?

सतराव्या शतकात रने देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने पिनिअल ग्रंथीला आत्म्याचे मुख्य आसन मानले. मेंदूचे बहुतेक भाग जोडीने असतात. ही ग्रंथी मात्र एकटी आणि मध्यभागी आहे, एवढाच त्याला आधार होता. पुढे ही कल्पना मागे पडली. पण ग्रंथीचे खरे काम काय, हे कळायला तीनशे वर्षे लागली. तोवर अनेकांच्या लेखी ती एक निरुपयोगी अवशेष होती.

१९१७ साली मॅककॉर्ड व ॲलन यांनी गुरांच्या पिनिअलचा अर्क बेडकाच्या पिल्लांना दिला, तेव्हा त्यांची त्वचा फिकट पडली. हा धागा धरून येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी १९५८ मध्ये हजारो गुरांच्या ग्रंथींमधून तो पदार्थ वेगळा केला. लर्नर शोधत होते कोडावरचा इलाज. हाती आले मेलॅटोनिन.

हे संप्रेरक अंधारात अधिक तयार होते. पण कवटीच्या आत दडलेल्या ग्रंथीला बाहेरचा अंधार कळतो कसा? ही बातमी रक्तातून येते की चेतातंतूंमधून?

१९६० च्या सुमारास डच शरीरशास्त्रज्ञ कापर्स यांनी एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. उंदराची पिनिअल ग्रंथी मेंदूला चिकटलेली असली, तरी तिच्याकडे येणारे मुख्य चेतातंतू मानेतल्या चेतागुच्छिकांमधून येतात. १९६४ मध्ये वुर्टमन, ॲक्सलरॉड व फिशर यांनी उंदरांच्या या गुच्छिका काढून टाकल्या. एरवी सतत उजेडात ठेवलेल्या उंदरांत मेलॅटोनिन बनवणारे विकर कमी होई, अंधारात वाढे. शस्त्रक्रियेनंतर हा फरकच उरला नाही. बातमी चेतातंतूंमधूनच येत होती!

या तंतूंची टोके नॉरॲड्रेनलिन सोडतात. १९६९ मध्ये शरीराबाहेर वाढवलेल्या ग्रंथीला हे रसायन देताच तिच्यातील मेलॅटोनिनची निर्मिती वाढली. मूर व क्लाइन यांच्या १९७४ च्या प्रयोगांनी ही वाट मेंदूतील घड्याळापर्यंत नेली. आज आपल्याला तिचे टप्पे माहीत आहेत : डोळ्यातील दृष्टिपटल, मेंदूच्या तळाशी असलेले जैविक घड्याळ, मज्जारज्जू, मानेतील गुच्छिका आणि तेथून परत वर पिनिअल. रात्री हे संदेश वाढतात. डोळ्यांवर प्रखर प्रकाश पडताच ते थांबतात.

माणसातही हीच वाट आहे. अपघातात मानेच्या पातळीवर मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांचा मेंदू शाबूत असतो, ग्रंथीही शाबूत असते. तरी रात्री त्यांचे मेलॅटोनिन वाढत नाही.

विद्यार्थी मेलॅटोनिनला ‘झोपेचे संप्रेरक’ म्हणतील, तेव्हा त्यांना उंदराची आठवण द्यावी. तो रात्रभर जागा असतो, आणि तरीही त्याचे मेलॅटोनिन रात्रीच वाढते. हा निरोप झोपेचा नव्हे, रात्रीचा आहे. देकार्तने ग्रंथीच्या जागेवरून तिचे काम ठरवले होते. ते खरोखर कळले, ते तिच्याकडे येणारी वाट तोडून पाहिल्यावर.