उन्हाळ्याचीं नित्यवस्त्रें : ठाणें-कल्याणच्या कापडाचा एक उपेक्षित भाग

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत वस्त्रांचे उल्लेख थोडे नाहींत. सिरपाव, मंदील, शेला, किनखाब हे शब्द दप्तरांतून पदोपदीं भेटतात. परंतु हीं सर्व मानाचीं वस्त्रें होत. दरबारांत दिलेलें वस्त्र लेखणीनें टिपलें. वैशाखाच्या उन्हांत राबणारा शेतकरी, जाळें ओढणारा कोळी किंवा कचेरीस जाणारा कारकून काय नेसत असे, हें टिपून ठेवण्याचें कारण कोणासहि पडलें नाहीं. जें रोज अंगावर असे, तेंच बहुतांशीं अलिखित राहिलें. प्रस्तुत लेखांत हा प्रश्न ठाणें-कल्याण या टापूपुरता घेऊन, अशा साध्या सुती वस्त्राचा माग मानाच्या याद्यांखेरीज कोठें लागतो, हें दाखविण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम या टापूची हवा लक्षांत घ्यावी. देशावरील उन्हाळा कोरडा, तर खाडीकांठचा दमट. येथें घाम येतो, पण तो लवकर वाळत नाहीं. म्हणून वस्त्र विरळ विणीचें, सैल व लवकर वाळणारें असावें लागतें. येथील परंपरागत पेहराव या तीन अटींस पुरेपूर उतरतो. पंचा हेंच उदाहरण घ्यावें. स्नानाच्या वेळीं तो नेसावा, अंग त्यानेंच पुसावें, उन्हांत निघतांना डोक्यास गुंडाळावा, बाजारांत त्याचेंच गांठोडें बांधावें. बाराबंदीस गुंड्या नाहींत, बंद आहेत. ते सैल सोडले म्हणजे वारा आंत खेळतो, कामास लागतांना आवळले म्हणजे वस्त्र आटोपशीर राहतें. स्त्रियांचें नऊवारी लुगडें कासोटा घालून नेसलें म्हणजे शेतांत, चुलीपाशीं व मासळीच्या बाजारांत सारखेंच सोयीचें. कोळ्याचा कंबरेचा त्रिकोणी रुमाल तर चिखलपाण्यांतील कामासाठींच योजिलेला दिसतो. एका वस्त्रानें अनेक कामें भागवावीं, हें या सर्वांचें समान सूत्र होय.

अशा साध्या कापडाचा व्यापार या किनाऱ्यावर फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख असून, त्या वेळीं तेथें येणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्याखालीं भडोचास नेलीं जात, असें म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत तगर म्हणजे तेर येथून भडोचाकडे जाणाऱ्या मालांत तलम मलमलीबरोबर साधें कापडहि पुष्कळ असल्याचें नमूद आहे. सहाव्या शतकांतील कॉस्मस या व्यापारी-भिक्षूनें कल्याणच्या निर्यातींत कापडाची गणना केली आहे. परकीय व्यापाऱ्यास मोल दिसलें तें साध्या कापडाचेंहि, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

नित्यवस्त्राच्या खर्चाचा एक निश्चित आंकडाहि उपलब्ध आहे. त्यासाठीं मात्र कल्याणहून घाट चढून नाशिकास जावें लागतें. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा ४२ व्या वर्षाचा लेख आहे. त्यानें ३००० कार्षापणें अक्षयनीवी म्हणून दिलीं. त्यांपैकीं २००० गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा १ या व्याजानें ठेविलीं व मुद्दल परत न घेतां केवळ व्याज वापरावें असें ठरविलें. या व्याजांतून वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापणें ‘चिवरिक’, म्हणजे चीवरासाठीं, द्यावयाचीं होतीं. हिशोब करून पाहिला तर २००० वर दरमहा २० व वर्षास २४० होतात. २० भिक्षूंस १२ प्रमाणें तितकेच लागतात. जमा व खर्च तंतोतंत जुळतात.

हा उल्लेख वर्षावासाचा आहे, उन्हाळ्याचा नव्हे, हें खरें. तथापि त्याचें महत्त्व कमी होत नाहीं. भिक्षूचीं वस्त्रें तीन : नेसावयाचें अंतरवासक, पांघरावयाचें उत्तरासंग व दुहेरी संघाटी. थंडींत तिन्ही अंगावर घ्यावीं, उष्म्यांत दोन एकेरी वस्त्रांवर भागवावें, अशी ही सोय ऋतुमानाशीं जुळणारी आहे. शिवाय वस्त्रासाठीं ठेविलेला पैसा विणकरांकडेच ठेव म्हणून असावा, यावरून हा धंदा किती भरंवशाचा मानला जाई हें दिसतें.

ऋतुपरत्वें वस्त्र बदलावें, हा विचार ग्रंथांतूनहि आढळतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत वस्त्रोपभोगाचें स्वतंत्र प्रकरण असून ग्रीष्मांत पातळ व पांढरीं वस्त्रें वापरावीं असें सांगितलें आहे. येथें एक सूचना करणें अवश्य आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. तिचा कोंकणांतील कल्याणशीं संबंध नाहीं. शिवाय ग्रंथांतील नियम राजाचा आहे. परंतु पातळ व पांढरें हे दोन्ही गुण गरिबाच्या पंच्यांत व राजाच्या वस्त्रांत एकच असावेत, यावरून उन्हाळ्यानें उभयतांस एकच धडा शिकविला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मध्ययुगांत ठाण्याचें नांवच कापडाशीं जोडलें गेलें. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याहून चांगलें सुती कापड बाहेर जात असल्याचें सांगतो. अबुल् फिदा (१२७३–१३३१) या अरब भूगोलकारानें उल्लेखिलेलें ‘तानासी’ कापड ठाण्याच्या नांवावरूनच ओळखलें जाई. पोर्तुगीज अमलांत, १६९५ सालीं, इटालियन प्रवासी जेमेली कारेरी यानेंहि येथील सुती कापड वाखाणलें आहे. १७३७ सालीं मराठ्यांनीं व १७७४ सालीं इंग्रजांनीं ठाणें घेतलें. पुढें १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी सुरू झाली, आणि त्याच दशकांत मुंबईंत सुती गिरणी निघाली. यंत्राचें कापड व त्याची वाहतूक हीं दोन्ही अशा रीतीनें ठाण्याच्या दाराशीं आलीं. विसाव्या शतकांत ठाण्याचें नांव ज्या कापडानें गाजलें, तें मात्र १९२५ सालच्या रेमंड गिरणीचें लोकरीचें कापड, म्हणजे थंडीचें. हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा.

१ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ ज्या ठिकाणच्या समारंभानें झाला, तें ठिकाण ठाण्याची वागळे इस्टेट होय. तेथें पाळीचा कामगार आला, आणि त्याच्याबरोबर नवें नित्यवस्त्रहि आलें : अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा, पातळ पाटलोण, कारखान्याचा गणवेश. सकाळीं गाडींतील गर्दी, दिवसभर यंत्रापाशीं, सायंकाळीं बाजार; एकाच पोशाखावर सर्व दिवस निभवावयाचा. पंच्याचें जुनें सूत्र शिवलेल्या कपड्यांत उतरलें, इतकाच फरक. आज त्या वसाहतींतील अनेक कारखान्यांच्या जागीं संगणकाचीं कार्यालयें उभीं आहेत. कारखाना बंद झाला म्हणजे यंत्रें विकलीं जातात, आणि वह्या रद्दींत जातात.

संग्राहकांस आमची विनंति याच ठिकाणीं आहे. पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधलेले असतात व दप्तराची मोजणीहि रुमालांनींच होते. कागद आपण जिवापाड जपतों; रुमाल फाटला कीं टाकून देतों. वस्तुतः तो रुमाल हाहि साध्या कापडाचा पुरावाच आहे. त्याची वीण, अर्ज व सूत टिपून, निदान एक तुकडा राखल्यावांचून तो टाकूं नये. तसेंच जुन्या कापडदुकानांच्या कीर्दी, शिंप्यांच्या मापांच्या वह्या, धोब्याच्या याद्या, कारखान्यांचीं गणवेशवाटपाचीं पत्रकें हीं मिळतील तेथून मिळवावीं. उषवदाताचा हिशोब दगडावर कोरला म्हणून आपणांस आज ताळा पाहतां येतो. वागळे इस्टेटींतील कामगाराच्या सदऱ्याचा हिशोब कागदावर आहे, आणि कागद दगडाइतका थांबत नाहीं.