दोन मोजण्या : नवापूर-विसरवाडीच्या आरोग्याचा इतिहास
#थ्रेड

(१)
सुरत-धुळे महामार्गावर, कोंडाईबारी घाट आणि नवापूर यांच्या दरम्यान, विसरवाडी हे नंदुरबार जिल्ह्यातील गाव आहे. भोवतालची वस्ती प्रामुख्याने आदिवासी. या नवापूर तालुक्यात आरोग्याच्या दोन मोजण्या झाल्या. एक काही दिवसांत उरकली. दुसरीला काही दशके लागली आणि ती अजून पुरी झालेली नाही. हा फरक का पडला, हे समजून घेण्यासारखे आहे.

(२)
पहिली मोजणी २००६ सालची. नवापूरच्या पोल्ट्री फार्ममध्ये कोंबड्या झपाट्याने मरू लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी रोजी भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला. विषाणू होता एच५एन१. तोपर्यंत आग्नेय आशियात त्याने माणसांचेही बळी घेतले होते, त्यामुळे साऱ्या देशाचे लक्ष नवापूरकडे वळले.

(३)
त्यानंतर यंत्रणेने दाखवलेली गती विलक्षण होती. बाधित क्षेत्राभोवती ३ किलोमीटरचे वर्तुळ आखून त्यातील कोंबड्या नष्ट करण्यात आल्या. त्यांत फार्ममधल्या होत्या, तशाच आदिवासींच्या अंगणातल्याही. आरोग्य पथके घरोघरी जाऊन तापाचे रुग्ण शोधू लागली. संशयितांचे नमुने पुण्याला आणि दिल्लीला रवाना झाले. एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही.

(४)
यातून एक गोष्ट निर्विवाद ठरते. या तालुक्यातील प्रत्येक घरापर्यंत पोहोचणे शासनाला अशक्य नव्हते. वाहने, प्रयोगशाळा, मनुष्यबळ, औषधे सारे काही उभे राहिले. कारण हा रोग महामार्गाने आणि रेल्वेने सुरतेला, मुंबईला पोहोचू शकत होता.

(५)
दुसऱ्या मोजणीचा रोग मात्र कोठेही प्रवास करत नाही. तो रक्तातच राहतो. त्याचे नाव सिकलसेल. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवारचे जंतुसंसर्ग रुग्णाच्या वाट्याला येतात. १९१० साली शिकागोत जेम्स हेरिक यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला.

(६)
महाराष्ट्रात या रोगाचा माग काढणाऱ्यांत पुण्याचे डॉ. सुदाम काटे अग्रणी. १९७०च्या दशकापासून त्यांनी या रोगावर काम केले. पुढे नंदुरबारच्या दुर्गम भागातही ते पोहोचले. भिल्ल, पावरा, माडिया अशा समाजांत सिकलसेलचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर असल्याचे त्यांच्या पाहण्यांनी दाखवले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

(७)
या मोजणीतील अडचण तिच्या पद्धतीतच आहे. गावात बोट टोचून करायची विद्राव्यता चाचणी स्वस्त आणि झटपट होते. परंतु माणूस केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील दुसरी तपासणी लागते. दोहोंच्या मधल्या काळात हाती उरतो तो ‘पॉझिटिव्ह’ हा एक शब्द. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो. पण सोयरीक मोडायला तेवढा शब्द पुरतो.

(८)
मोजणीने लोकांचे नेमके काय भले होते, हा प्रश्न राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, आधीच उभा राहिला होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. त्यांच्या आरंभीच्या संशोधनांपैकी एक सिकलसेलवरच होते. रोग सापडला, पण लोकांना त्याचे फारसे अप्रूप वाटले नाही. तो संशोधकांचा प्रश्न होता, लोकांचा नव्हता, हे डॉ. बंग यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

(९)
यानंतर दिशा बदलली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे नवजात बालकांचे मृत्यू नोंदवले गेले आणि ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना घरोघरी बाळांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण मिळाले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

(१०)
येथे मोजणारी आणि उपचार करणारी व्यक्ती एकच होती, आणि ती गावातलीच होती. बाळाचे वजन नोंदवणारी स्त्रीच त्याला ऊब देत होती, इंजेक्शनही देत होती. आकडा आणि उपाय यांत अंतर उरले नाही. आज देशभर आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी भेट देते, त्यामागे हा अनुभव आहे.

(११)
आता पुन्हा नंदुरबार. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बरोबर २५ वर्षांचा झाला, त्याच दिवशी, १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट. तपासलेल्यांना त्यांची स्थिती दर्शवणारे कार्डही दिले जाते.

(१२)
कार्ड ही मोजणी झाली. आरोग्य त्यापुढे सुरू होते. रुग्णाला हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या खंड न पडता मिळतात का? वेदनेच्या झटक्यात जवळच्या दवाखान्यात सलाईन आणि वेळेवर रक्त मिळते का? दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला रोग होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, हे त्या जोडप्याला त्याच्या बोलीत कोणी समजावते का?

(१३)
२००६ साली तापाचा एक रुग्ण शोधण्यासाठी पथक दारात आले होते. सिकलसेलच्या रुग्णाला तसेच पथक एकदा येऊन भागत नाही. ते दर महिन्याला, आयुष्यभर यावे लागते. विसरवाडीच्या दुसऱ्या मोजणीचे यश किती कार्डे वाटली यावरून ठरणार नाही. कार्ड मिळालेल्यांपैकी किती जणांचे औषध वर्षभर चालू राहिले, हा आकडा ज्या दिवशी गावाच्या फलकावर लागेल, त्या दिवशी ते ठरवता येईल.

(समाप्त)